चार रात्रींचा गाऊन

लाँड्रीच्या त्या घरात उशीचा अभ्रा सलग दोन रात्री कुणाच्या डोक्याखाली राहत नसे. खाली रस्त्याला लागून दुकान, मागे धुलाईची खोली, वर राहतं घर, आणि जिन्याच्या पायथ्याशी कमरेइतकी उंच वेताची टोपली. दिवसाचे कपडे रात्री झोपताना टोपलीत, रात्रीचे कपडे सकाळी उठल्याबरोबर टोपलीत, असा अक्कांचा शिरस्ता. त्यातून पाहुण्यालाही सुटका नव्हती. सूनबाई लग्न होऊन आली त्या पहिल्या रात्री तिने प्रवासातला स्वेटर खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. सकाळी तो तिला धुऊन, इस्त्री होऊन, कागदी पिशवीत मिळाला. पिशवीला नंबराची चिठ्ठीसुद्धा टाचलेली. नवरा म्हणाला होता, "नशीब समज, तू आत नव्हतीस."

अक्का म्हणजे तिच्या सासूबाई. सारी गल्लीच त्यांना अक्का म्हणे. पांढऱ्या कपड्यांत त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं आणि हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं. घरात त्या, मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात छोटी. दुकानामागच्या खोलीत इस्त्रीवाले मामा. मामा नात्याचे कुणी नव्हते, पण तीस वर्षं तिथेच इस्त्री करून करून घरचे झाले होते.

पिल्लू आलं ते लॉजच्या कपड्यांबरोबर. शहराबाहेर हमरस्त्यावर एक लॉज होतं. तिथल्या चादरी, टॉवेल, अभ्रे सोमवारी यायचे आणि शुक्रवारी परत जायचे. ने-आण नवरा करी. लॉजच्या स्वैपाकीणबाईंची आणि सूनबाईची फोनवरून ओळख. कपड्यांत काही कमी-जास्त झालं की दोघी बोलायच्या, आणि मग कपडे राहायचे बाजूला. त्यांनीच सांगितलं होतं, "कुत्रीला पाच पिल्लं झालीत. चार गेली, हे एक उरलंय. मॅनेजर म्हणतोय, ठेवायचं नाही, ट्रकतळावर सोडून या. तू नेतेस का बाई?"

सूनबाईने कुणाला न विचारता हो म्हटलं. तसं या घरात आल्यापासून कुणाला न विचारता तिने फारसं काही केलं नव्हतं.

सोमवारी दुपारी गोण्यांबरोबर एक खोका उतरला. आत पांढरं, एका कानावर तपकिरी ठिपका असलेलं, मुठीएवढ्या डोक्याचं पिल्लू. छोटीने बघताक्षणी त्याचं नाव ठेवलं, डाग. अक्कांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "या घरात डाग टिकत नाही, एवढं लक्षात ठेवा." पण परत ने असं म्हणाल्या नाहीत. सूनबाईने तेवढ्यावरच समाधान मानलं.

खोक्यात पिल्लाबरोबर एक अभ्रा होता. स्वैपाकीणबाईंनी फोनवर बजावलं, "तो अभ्रा जिवापाड जप. महिनाभर त्याची आई त्यावर झोपलीय. रात्री त्याच्या नाकाशी ठेव, म्हणजे आईजवळ असल्यासारखं वाटेल त्याला. नाहीतर घर डोक्यावर घेईल."

सूनबाईने अभ्रा खांद्यावर टाकला. मळका, केसाळ, बघवत नव्हता. मग ती लॉजच्या गोण्या सोडायला बसली. चादरी एकीकडे, टॉवेल एकीकडे, अभ्रे उलटे करून, कोपरे झटकून, पांढऱ्यांच्या ढिगात. सहा वर्षांत हात असे बसले होते की डोकं दुसरीकडे असलं तरी ते आपलं काम करत. डोकं तेव्हा पिल्लाकडे होतं. ते आपल्याच शेपटीमागे फिरत होतं आणि छोटी हसून हसून लोळत होती. मशीन सुरू झालं, गरम पाणी चढलं आणि तिने वहीत आकडा लिहिला. अभ्रे एकेचाळीस. लॉजचे चाळीसच असतात. तिचा हात खांद्याकडे गेला.

खांद्यावर काही नव्हतं.

मशीनच्या गोल काचेआड सगळे अभ्रे एकसारखे पांढरे गरगर फिरत होते. मामा येऊन शेजारी उभे राहिले. काय झालं ते त्यांना सांगावं लागलं नाही. "वहिनी," ते म्हणाले, "आता तो असा काही निघेल की खुद्द त्याची आईसुद्धा पावती मागेल."

तिला हसू आलं नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात हे झालं नसतं. दुसऱ्या घरात मळका अभ्रा चार दिवस तसाच कोपऱ्यात पडून राहिला असता.

रात्री पिल्लाला दुकानात, काउंटरखाली खोक्यात ठेवलं. धुतलेला, नीळ दिलेला अभ्रा त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो हुंगला, चारही बाजूंनी हुंगला, त्यावर एक पाय ठेवून पाहिला आणि तोंड वर करून रडायला लागलं. एवढंसं ते पोट, पण आवाज जिना चढून, दार ओलांडून, गादीपर्यंत पोचत होता.

"कुणी खाली जायचं नाही," अक्का आपल्या खोलीतून म्हणाल्या. "एकदा गेलात की रोज बोलावील. रडून रडून दमेल आणि झोपेल. सगळ्यांनाच सवय लागते."

सूनबाई खाली गेली नाही. पण झोपलीही नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली. ही पायरी तिच्या ओळखीची होती. छोटी दीड महिन्याची असताना हेच शब्द याच दारातून आले होते. पोरीला वेगळ्या खोलीत झोपवायचं, दार लावायचं, रडली तरी जायचं नाही. पहाटे पाचला बॉयलर पेटतो, रात्री जागून कसं भागेल. तेव्हा ती नवी होती, तोंडातून ब्र काढला नव्हता. अकरा रात्री ती या पायरीवर बसली, अंगावरच्या गाऊनचा बोळा दातांत धरून. बाराव्या रात्री पोर रडली नाही. "बघ, शिकली," अक्का म्हणाल्या. सूनबाईने हळूच दार ढकलून पाहिलं होतं. पोर झोपलेली नव्हती. टक्क डोळे उघडे ठेवून, आवाज न करता, छताकडे बघत पडली होती.

आज छोटी पाच वर्षांची होती. रात्री तहान लागली तर ती हाक मारत नसे. उठून बसे आणि उजाडेपर्यंत तशीच बसे. लोक म्हणत, किती गुणी पोर. सूनबाई ऐकून घेई.

खाली पिल्लू तीनपर्यंत रडलं, मग हुंदके देत राहिलं. बॉयलर पेटायच्या सुमाराला तिने खाली जाऊन खोक्याचं झाकण काढलं आणि घामाने चिंब झालेला गाऊन बदलून टोपलीकडे भिरकावला. झोपेच्या तारेत तो टोपलीत न पडता बाहेर पडला.

मामांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यांची खोली काउंटरच्या मागेच. सकाळी आठला त्यांनी हेडमास्तरांच्या पांढऱ्या शर्टावर इस्त्री टेकवली आणि उभ्या उभ्या एक डुलकी काढली. डुलकी अर्ध्या मिनिटाची असेल. कॉलरवर इस्त्रीच्या टोकाचा पिवळा तिकोनी ठसा उमटला. तीस वर्षांत मामांनी कपडा जाळला नव्हता. ते शर्ट हातात धरून असे उभे राहिले की अक्कांनीही त्यांना काही बोलायचं टाळलं.

बोलल्या त्या सूनबाईला. "ऐकून घे. मला कुत्र्याचं वावडं नाही. पण इथे माणसं वाफेत आणि आगीत काम करतात. झोप झाली नाही तर आज कॉलर जळली, उद्या हात जळेल. शुक्रवारी व्हॅन लॉजला जातेय. त्याआधी एक रात्र, फक्त एक, आवाज न करता काढली तर राहू दे. नाहीतर शुक्रवारी गोण्यांबरोबर परत."

"परत नेलं तर ते ट्रकतळावर सोडणार त्याला."

"ते त्यांनी बघावं."

नवऱ्याने मान खाली घातली आणि हँगर मोजू लागला. हँगर मोजायचे नव्हते. आईसमोर त्याचे हातपाय नेहमीच गळायचे. एरवी माणूस वाईट नव्हता.

सूनबाई पिल्लाला शोधायला गेली. खोक्यात नव्हतं, काउंटरखाली नव्हतं. मशीनमागेही बघितलं. शेवटी ते सापडलं टोपलीच्या आडोशाला. तिच्या गाऊनवर, बाहीत नाक खुपसून, गाढ झोपलेलं. पोट भात्यासारखं वरखाली होत होतं.

ती तिथेच खाली बसली. मग तिने एक विचित्र गोष्ट केली. जिन्यावरून खाली येणाऱ्या छोटीला जवळ ओढून तिच्या केसांचा वास घेतला. साबण. स्वतःचं मनगट हुंगलं. साबण. पडदा, उशी, नवऱ्याचा सदरा, सगळीकडे तोच एक साबण. या घरात कुणालाही स्वतःचा असा वासच नव्हता. पिल्लाने काल रात्री काय शोधलं असेल, ते तिला आता कळलं. घरभर माणसं होती आणि नाकाला एकही सापडत नव्हतं.

तिने स्वैपाकीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "दुसरा अभ्रा शुक्रवारच्या आत कसा पाठवू? तुझाच वास दे त्याला. चार रात्री एकच कपडा घाल, त्याच्याजवळ झोप, हात खोक्यात सोड. संध्याकाळी लवकर खायला घाल, झोपायच्या आधी बाहेर ने. रात्री कुरकुरला की लगेच उचल, बाहेर ने, उरकू दे, आत आण. बोलायचं नाही, खेळायचं नाही, दिवा लावायचा नाही. त्याला कळू दे की हाक मारली की कुणीतरी येतं, पण रात्री गंमत नसते."

चार रात्री एकच कपडा. स्वैपाकीणबाईंना काय, सांगायला सोपं होतं.

मंगळवारी रात्री अक्कांनी सवयीप्रमाणे जिन्याच्या वरूनच टोपलीत नजर टाकली. सूनबाई गादीची गुंडाळी काखेत मारून खाली निघाली होती.

"हा कालचा गाऊन ना?"

"हो."

"सकाळी टोपलीत पडायला हवा होता."

"तो मी धुवायला देणार नाही."

अक्कांना आधी नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी हात पुढे केला. गाऊन अंगावर आहे आणि तो असा हातात देता येत नाही, हे लक्षात येऊन तो मागे घेतला. "फाटलाय का? शिवून घेऊ."

"फाटला नाही. मळू द्यायचाय."

"लाँड्रीच्या घरात?"

"लाँड्रीच्या घरातच, अक्का. बाहेर कुठेही याची गरज पडली नसती."

"आणि खाली झोपणार तू? फरशीवर?"

"गादी आहे."

"मी काय सांगितलं होतं? जवळ गेलं की लाडावतं."

"तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं. आता मी खाली जातेय."

एवढं बोलून तिने गादी काखेत सावरली आणि ती जिना उतरली.

त्या रात्री पिल्लू दोनदा उठलं. पहिल्यांदा तिने त्याला उचलून मागच्या दाराने गल्लीत नेलं. गार फरशीवर ती अनवाणी उभी राहिली आणि ते विजेच्या खांबाभोवती पाच फेऱ्या मारून मग बसलं. आत आणताना त्याने चिखलाचे चारही पंजे तिच्या पोटावर उमटवले. दुसऱ्यांदा काहीच नको होतं; फक्त कुणी आहे का ते बघायचं होतं. तिने हात खोक्यात सोडला. त्याने अंगठा चावून पाहिला, चाटला आणि अंगठ्यावर हनुवटी ठेवून झोपलं. मामांच्या खोलीतून घोरणं सुरू झालं. इतकं गोड घोरणं तिने आजवर ऐकलं नव्हतं.

दिवसा गाऊन खोक्यात, रात्री तिच्या अंगावर. बुधवारी त्यावर दूध सांडलं. छोटी येऊन मांडीत बसली, तिच्या कुशीत नाक घातलं आणि म्हणाली, "आई, तुला वास येतोय."

"घाण?"

छोटीने बराच विचार केला. "नाही. तुझा."

नवरा काहीतरी बोलायला आला आणि घुटमळला. "अगं, म्हणजे, पोरीचं बरोबर आहे, पण जरा जास्तच—"

"बोल बोल."

"काही नाही. मी वरच झोपतो."

"झोप की. तुला कुणी बोलावलंय."

पण रात्री तोही उशी घेऊन खाली आला आणि काउंटरच्या पलीकडच्या बाजूला आडवा झाला. आईला सांगू नकोस म्हणाला. आई वर जागीच होती. तिच्या खोलीच्या दाराखाली उजेडाची पट्टी दिसत होती, हे दोघांनाही माहीत होतं.

बुधवारी पिल्लू एकदाच उठलं. गुरुवारी संध्याकाळी सूनबाईने त्याला गल्लीच्या टोकापर्यंत दोनदा पळवलं, लवकर जेवू घातलं, झोपायच्या आधी खांबाची प्रदक्षिणा झाली. गादी तिने वीतभर लांब सरकवली, कारण स्वैपाकीणबाई म्हणाल्या होत्या की हळूहळू लांब सरकायचं. ते झोपलं. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. ती डोळे ताणून पडली होती. आजची रात्र शेवटची, उद्या व्हॅन.

साडेतीनच्या सुमाराला खोक्यातून आवाज आला. रडणं नव्हे, भुंकणं नव्हे. कूं, इतकंच, एकदा. ती ताडकन उठली, त्याला उचललं, दार, खांब, परत खोका. सात मिनिटंही झाली नसतील. तिने खोक्यात सोडलेल्या गाऊनच्या टोकावर ते पडून राहिलं आणि बॉयलर पेटला तरी हललं नाही.

सकाळी अक्का जिना उतरल्या आणि म्हणाल्या, "आवाज आला."

"एकदा. त्याला बाहेर जायचं होतं."

"आवाज तो आवाज. आवाज न करता एक रात्र, असं ठरलं होतं." त्या चिडलेल्या नव्हत्या, हेच अवघड होतं. त्या शर्टाच्या बाहीचं माप सांगावं तशा बोलत होत्या. मुलाला म्हणाल्या, "खोका व्हॅनमध्ये ठेव. आठला निघ, उशीर नको."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने खोका उचलला. छोटी जिन्यावर बसून बघत होती. रडत नव्हती. ती रडत नसेच. तिने फक्त दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

ते हात बघून सूनबाईच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. तिने केस बांधले, तोंडावर पाणी मारलं आणि दुकानाचं शटर वर ढकललं. अंगावर तोच गाऊन. पोटावर चिखलाचे पंजे, छातीवर दुधाचा नकाशा, एका बाहीचा काठ चावून चोथा झालेला. तशीच ती काउंटरमागे जाऊन उभी राहिली आणि पावतीपुस्तक उघडलं.

शुक्रवारी सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पुढे हेडमास्तर, मागे पांढऱ्या युनिफॉर्मची पिशवी घेतलेली दवाखान्यातली नर्स, तिच्यामागे आणखी तिघं-चौघं. हेडमास्तर शर्टासाठी आले होते आणि जळक्या कॉलरबद्दल चार शब्द सुनवायची तयारी करून आले होते. त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"सूनबाई, बरं नाही का?"

"मला बरंय सर. तुमचा नंबर?"

"पण हे..." त्यांनी बोट केलं. आयुष्यभर पोरांच्या कपड्यांवरचे डाग शोधलेलं बोट ते.

"हा चिखल. हे दूध. आणि तो कशाचा ते विचारू नका. चार रात्रींचा गाऊन आहे."

नर्सने ओठ दाबले. आतून अक्का आल्या. त्यांनी सून पाहिली, गाऊन पाहिला, गिऱ्हाइकं पाहिली. चेहरा तसाच ठेवून त्या काउंटरशी आल्या आणि हँगर सरळ करता करता हळूच म्हणाल्या, "वर जा. कपडे बदलून ये."

"बदलते. खोका व्हॅनमधून उतरला की लगेच."

"गिऱ्हाइकांसमोर तमाशा नको."

"तमाशा कुठे करतेय. पावत्या फाडतेय." ती हेडमास्तरांकडे वळली. "सर, तुमची कॉलर जळली ती मामांची चूक नाही. आमच्याकडे एक पिल्लू आलंय, पहिल्या रात्री ते रडलं आणि मामा जागे राहिले. ते का रडलं, तर त्याच्या आईच्या वासाचा कपडा मीच धुऊन टाकला. आमच्या घरात साबणाशिवाय कशाला वासच नाही. म्हणून हा गाऊन. आता ते झोपतं."

"झोपतं ना मग," नर्स म्हणाली. "आमच्या वॉर्डात पाठवा त्याला, तिथे कुणी झोपत नाही."

मागे हशा पिकला. अक्का हसल्या नाहीत. बाहेर व्हॅनचं इंजिन घुरघुरत होतं.

"अरे, निघाला नाहीस अजून?" त्यांनी दाराकडे बघून विचारलं.

"गाडी सुरू होत नाहीये," नवरा खिडकीतून म्हणाला. इंजिनाच्या आवाजात त्याला ते जरा ओरडून सांगावं लागलं.

अक्का सुनेच्या अगदी जवळ आल्या. आता त्यांचा आवाज खरंच खाली गेला. "ठरलं होतं ना आपलं?"

"तुम्ही ठरवलं होतं. मी हो म्हटलं नव्हतं." सूनबाईचाही आवाज खाली होता, पण हलत नव्हता. "पाच वर्षांपूर्वी म्हटलं होतं. ते माझं चुकलं."

"पोरगी काय वाईट वाढलीय? शहाणी आहे, गुणाची आहे."

"तिला रात्री तहान लागते तेव्हा ती उठून बसते आणि सकाळ व्हायची वाट बघते. हाक मारत नाही. तुम्हाला माहीत नसेल. मी जागी असते म्हणून मला माहीत आहे. तिला शिकवलं आपण, हाक मारली तरी कुणी येत नाही म्हणून. तुम्ही शिकवलं आणि मी पायरीवर बसून बघितलं. आता कुत्र्याच्या पिल्लालाही मी ते शिकवू देणार नाही."

अक्कांनी हँगरवरून हात काढला. जिन्याकडे पाहिलं. छोटी तिथेच होती, हात मांडीखाली. अक्का तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. चूक झाली म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि सूनबाईला ते ऐकायचंही नव्हतं. तिला खोका हवा होता.

"माझा शर्ट," हेडमास्तर मागून खाकरले. "कॉलरचं असू द्या, उलटून शिवता येईल. पण शाळेची घंटा..."

"उतरव तो खोका," अक्का दाराकडे बघून म्हणाल्या. "गिऱ्हाईक ताटकळलंय."

इंजिन बंद झालं. गाडी बंद व्हायला मात्र अजिबात वेळ लागला नाही. नवरा खोका पोटाशी धरून आत आला. छोटी जिन्यावरून उतरली ती पायऱ्या न मोजता. आत पिल्लू झोपेतच होतं. एक कान वर, एक कान डोळ्यावर.

अक्का एवढ्यात हार मानणाऱ्या नव्हत्या. "राहू दे. पण एक सांगून ठेवते. आता चार दिवस लाड झाले. आजपासून रात्री रडला तर रडू द्यायचा."

"नाही."

"काय नाही?"

"रडला की मी उठणार."

"किती दिवस खाली झोपणार आहेस अशी?"

"लागतील तितके. मग दारापर्यंत, मग जिन्यापर्यंत, मग वर. तो सरकेल तशी मी सरकेन. आणि वरचं दार उघडं राहील, रोज. छोटीचंही."

"गार वारा येतो जिन्यातून."

"येऊ दे. पांघरूण घेऊ."

अक्कांनी तिच्या हातातलं पावतीपुस्तक ओढून घेतलं. तिने ते सोडलं. आता तिला त्याची गरज नव्हती. ती वर जाऊन धुतलेला, कडक इस्त्रीचा ड्रेस घालून खाली आली तेव्हा हेडमास्तर गेले होते आणि नर्सचे युनिफॉर्म मोजून होत होते. सूनबाईच्या हातात गाऊनची घडी होती. गिऱ्हाइकाकडे बघत बघतच अक्कांचा हात त्या घडीकडे लांबला, तळवा वर, चाळीस वर्षांच्या सवयीने.

सूनबाई त्या हातावरून पुढे गेली. खाली वाकून तिने गाऊन खोक्यात ठेवला, बाही बाहेरच्या बाजूला येईल असा. पिल्लाने डोळे न उघडता नाक त्या बाहीत खुपसलं. ती सरळ झाली आणि गिऱ्हाइकांकडे वळली.

"पुढचं कोण?"